चतकोर गोळी

माझा नवरा अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. त्याचा क्लास नव्या पेठेत, साड्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. फळ्यावर लिहिणारा माणूस तासातला बराच वेळ वर्गाकडे पाठ करून उभा असतो. ही साधी गोष्ट त्याच्या लक्षात एका फोटोमुळे आली. फोटो मागच्या बाकावरून काढलेला होता. फळ्यावर अर्धवट समीकरण, खडू धरलेला हात, आणि मधोमध डोक्याच्या मागचा बशीएवढा उघडा भाग. त्याभोवती कोणीतरी लाल वर्तुळ काढले होते आणि खाली लिहिले होते : ‘त्रिज्या काढा.’

मुलांच्या ग्रुपवरून फिरत तो फोटो त्याच्यापर्यंत आला. मला दाखवताना तो हसत होता. मीही हसले. दुसऱ्या दिवशी तो त्वचेच्या डॉक्टरकडे गेला.

आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झाले नव्हते. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघे राहायचो : तो, मी आणि त्याची आई. सासरे आमच्या लग्नाआधीच गेले. भिंतीवरच्या फोटोत त्यांच्या डोक्यावर टोपी आहे.

डॉक्टरांनी फिनास्टेराइड नावाची गोळी दिली. रोज एक, एक मिलिग्रॅमची. फायदे त्यांनी सविस्तर सांगितले, तोटे उठता उठता. तोट्यांचा कागद डबीत घडी घालून ठेवलेला होता. मी इथल्या एका दैनिकात उपसंपादक आहे. बारीक टाइपातला मजकूर वाचणे हे माझे रोजचे काम आहे. मी तो कागद जेवणाच्या टेबलावर पसरला आणि मराठी करत मोठ्याने वाचला.

गळती थांबते, टाळूवर काहींचे केस परत येतात. गोळी बंद केली की आलेले केस काही महिन्यांत जातात. काही पुरुषांची इच्छा मंदावते. काहींचे मन उदास राहते. बहुतेकांचे गोळी थांबवल्यावर पूर्ववत होते, सगळ्यांचे होतेच असे नाही. शेवटी स्त्रियांसाठी एक परिच्छेद होता. गरोदर स्त्रीने ही गोळी घेऊ नये, आणि फुटलेल्या किंवा कुटलेल्या गोळीला हातही लावू नये. पोटातला गर्भ मुलाचा असेल तर त्याचे जननेंद्रिय नीट घडण्यात अडथळा येऊ शकतो. गोळी अख्खी असेल तर वरच्या कवचामुळे भीती नाही.

“तो भाग सोड,” नवरा म्हणाला. “इथं कोण गरोदर आहे?”

“अजून कोणी नाही.”

“मग पुढं वाच.”

पुढे साठवणुकीच्या सूचना होत्या. मी घडी घालून कागद औषधांच्या खणात ठेवला.

सासूबाई भाजी निवडत ऐकत होत्या. त्यांचे माहेर सोलापूरजवळच्या कुंभारी गावचे. “तुझ्या बापाच्या वक्ताला कुटं हुती असली गोळी,” त्या मुलाला म्हणाल्या. “तिशीतच टोपी धरली त्यांनी. घे तू. पन तेल सोडू नगंस.”

वर्ष पुरे होण्याआधी टाळू भरली. केस विरळ होते, पण कातडी दिसेनाशी झाली. एका विद्यार्थ्याच्या आईने त्याला कोणते तेल लावता म्हणून विचारले. सासूबाईंनी हे ऐकले आणि शेजारच्या काकूंना माक्याच्या तेलाची कृती सांगून आल्या. फळ्याकडे तोंड करताना त्याचे खांदे आता आखडत नाहीत, असे तो म्हणाला. ते मला आधी माहीत नव्हते.

दुसरी बाजू मला उशिरा कळली. तो लवकर झोपू लागला होता. क्लासचा ताण असेल असे मी धरून चालले. एका रविवारी गच्चीवर कपडे वाळत घालताना त्याने स्वतःच विषय काढला. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते, एकटे असताना तू.

“मला इच्छाच होत नाही,” तो म्हणाला. “तुझं काही नाही त्यात.”

“कधीपासून?”

“तूच सांग. तुला तारखा लक्षात राहतात.”

“गोळी बंद कर.”

“बंद केली की परत त्रिज्या.”

“मग चालू ठेव.”

“मग मूल?”

मी चादरीचे दुसरे टोक धरले होते. ते दोरीवर टाकले. मूल दोघांनाही हवे होते आणि त्याबद्दल घरात बोलणे सुरू झाले होते. सासूबाई तर नातवाबद्दल बोलायच्या. नातीचा उल्लेख त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नव्हता.

डॉक्टरांनी तोडगा सांगितला. दिवस राहीपर्यंत गोळी बंद, नंतर हवी तर परत चालू. आम्हाला तो हिशेब पटला. काही आठवड्यांत तो पूर्वीसारखा झाला. उशीवर केस दिसायला लागले, पण टाळू उघडी पडण्याआधी मला दिवस राहिले. चाचणीवर दोन रेघा आल्या त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात नाचला, सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, आणि पुढच्या आठवड्यात तो गोळी आणायला गेला.

एक मिलिग्रॅमची गोळी दुकानात नव्हती. दुकानदाराने पाच मिलिग्रॅमची दिली. “औषध तेच, सर. म्हाताऱ्या माणसांना लघवीच्या त्रासावर देतात. चार तुकडे करा, एकेक घ्या. पुष्कळ जण असंच करतात.” पट्टी कात्रीने कापून दिलेली होती. डबी नाही, त्यामुळे कागदही नाही.

गोळी वाटाण्यापेक्षा लहान होती, वरून गुलाबी, आतून पांढरी. नवऱ्याने सुरीने तुकडे करायचा प्रयत्न केला. एक तुकडा फ्रिजखाली गेला, दुसऱ्याचा भुगा झाला. सासूबाई बघत होत्या.

“दे हिकडं,” त्या म्हणाल्या. “फिजिक्स शिकिवतोस व्हय रं पोरास्नी? उभी हयात सुपारी कातरली मी. ही काय चीज हाय.”

त्यांचा अडकित्ता माहेरून आलेला. पितळी मुठीचा, जड, पाते आत झुकलेले. जेवणानंतर मांडी घालून बसायचे, सुपारी धरायची, आणि कागदासारख्या पातळ चकत्या पाडायच्या, हे त्यांचे रोजचे. गोळीचे चार तुकडे त्यांनी इतके सारखे पाडले की नवऱ्याने टाळी वाजवली. मग ते काम त्यांचेच झाले. आठवड्याच्या गोळ्या एकदम कातरून त्या एका छोट्या डबीत भरून ठेवायच्या. मुलाच्या डोक्यावर केस आहेत यात आता तेलाबरोबर आपल्या हाताचाही वाटा आहे, असे त्यांना वाटत असावे.

मला त्या वेळी मळमळीने हैराण केले होते. ऑफिसातल्या कँटीनमध्ये भजी तळायला लागली की मला खुर्ची सोडून उठावे लागायचे. सासूबाईंनी त्यावर आवळासुपारी काढली. वाळवलेल्या आवळ्याचे तुकडे, मीठ आणि आल्याचा रस लावलेले. विकत मिळतात ते जाड असतात, एकदम तोंडात आले की उमासा येतो, म्हणून त्या ते बारीक कातरून द्यायच्या. “चगळत ऱ्हा. गिळू नगंस लगेच.” स्टीलची डबी पर्समध्ये असायची. बातम्या वाचताना माझा हात सतत त्या डबीत असे. फरक पडत होता.

तिसरा महिना संपत आला होता. दुपारी ड्युटीवर निघण्याआधी मी डबी उघडली. आवळ्याच्या एका काळ्या तुकड्याला गुलाबी कण चिकटला होता. तिळापेक्षा लहान. मी तो नखाने काढून कागदावर ठेवला. एका बाजूने गुलाबी होता, दुसऱ्या बाजूने पांढरा.

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई फरशीवर बसल्या होत्या. डाव्या हाताला ताटलीत गोळ्या, उजव्या हाताला आवळा, मध्ये अडकित्ता. पात्यावर पांढरी पूड होती. त्यांनी ती पदराने पुसली आणि आवळा धरला.

“आई, हे दोन्ही एकदमच करता?”

“व्हय की. तुजं अन् त्याचं संगंच करती. एकदा अडकित्ता काडला की दोन कामं व्हत्यात.”

“पहिल्यापासून?”

“पयल्यापासनं. का गं? कडू लागतंय का?”

मी औषधांच्या खणातून घडी घातलेला कागद काढला. तो परिच्छेद जिथे होता तिथेच होता. मी तो वाचला तेव्हा घरात गरोदर स्त्री नव्हती आणि फुटलेली गोळीही नव्हती. आता दोन्ही होते. गोळी नवऱ्याच्या शरीरात काय करते, हे आम्ही दोघांनी महिनोन् महिने तोलून पाहिले होते. ती घरात आणखी कुठे जाते, हे पाहिलेले नव्हते.

मी ऑफिसला रजा कळवली आणि नवऱ्याला फोन केला. “तास सोडून ये.”

तो आला, कागद वाचला, कण पाहिला. मग आईसमोर बसून त्याने सांगितले. सोप्या शब्दांत, क्लासमध्ये सांगतो तसे. पूड अडकित्त्याला लागली, अडकित्त्याची आवळ्याला, आवळा हिच्या पोटात. मुलगा असेल तर त्याच्या अंगाला बाधा होऊ शकते.

सासूबाईंनी आधी माझ्या पोटाकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे. त्या उठल्या, अडकित्ता पातेल्यात टाकला आणि पाणी उकळायला ठेवले. पाणी आटेपर्यंत त्या गॅसजवळ उभ्या होत्या. नंतर अडकित्ता फडक्यात गुंडाळून पलंगाखालच्या ट्रंकेत गेला. नवऱ्याने तुकड्यांची डबी आणि उरलेली पट्टी उचलून दुकानात परत नेऊन दिली. त्या दिवसापासून त्याने गोळी घेतली नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी सगळे ऐकून घेतले. मध्ये एकदाही त्यांनी कपाळावर हात मारला नाही, याचे मला बरे वाटले.

“रोज खात होता?”

“रोज.”

“पूड पात्यावरची. म्हणजे फारच थोडी. त्यातली थोडी रक्तात, त्यातलीही थोडी बाळापर्यंत. धोका अगदी कमी आहे. पण नाहीच, असं मी म्हणणार नाही. दोष झालाच तर लघवीची जागा सरकलेली असते. बहुतेक वेळा ऑपरेशननं नीट करता येतं.”

“आणि मुलगी असेल तर?” मी विचारले.

“तर या गोळीचा हा प्रश्नच उरत नाही.”

नवरा खुर्चीत पुढे सरकला. “मॅडम, म्हणजे सोनोग्राफीत जर…”

त्यांनी पेनाने भिंतीवरची पाटी दाखवली. इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, तो गुन्हा आहे. ही पाटी प्रत्येक दवाखान्यात असते. तिच्यावर मी स्वतः बातम्या लिहिल्या आहेत, छापे पडलेल्या केंद्रांच्या.

“आम्हाला मुलगाच हवा म्हणून नाही विचारत,” नवरा म्हणाला.

“कळतं मला. पण कायद्याला कारण कळत नाही, आणि ते बरोबरच आहे. उद्या कोणीही हेच कारण सांगेल.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “पाचव्या महिन्यात सोनोग्राफी होईल. तुम्ही पेपरातल्या आहात, माझा चेहरा वाचायला बघाल. मी ‘निश्चिंत राहा’ म्हटलं तरी तुम्ही त्यातून मुलगी काढाल. म्हणून आत्ताच सांगते, त्या दिवशी मी त्याबद्दल काहीच बोलणार नाही. आणि हा दोष तिथं दिसतोच असंही नाही.”

म्हणजे बाळ जन्मेपर्यंत थांबायचे, याशिवाय हातात काही नव्हते.

घरी आल्यावर आवाज चढले. सासूबाईंनी सुरुवात केली.

“तुज्या चार केसांपायी रं. चार केसांपायी माज्या नातवाच्या…”

“आणि कातरत कोण होतं, आई?”

“कातराया दिलं कुनी? मला वाचता येतंय व्हय तुजं इंग्रजी? तुमी दोगं शिकलेली घरात!”

“तू आवळा त्याच अडकित्त्यानं कातरशील हे मला काय स्वप्न पडलं होतं?”

“मग काय दातानं कातरू?”

कोणाचेच म्हणणे खोटे नव्हते. ते थांबावे म्हणून मी म्हणाले, “मुलगी असेल.”

दोघेही माझ्याकडे वळले. हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच बोलले गेले होते. सासूबाईंनी पदराने तोंड पुसले आणि आत गेल्या.

त्यानंतर त्या नातवाबद्दल बोलेनाशा झाल्या. सकाळी देवापुढे त्या पूर्वी मोठ्याने मागायच्या, घरभर ऐकू जाईल असे. आता नुसते ओठ हलायचे. काय मागत होत्या ते मला शेजारच्या काकूंमुळे कळले. काकू ताकाची वाटी घेऊन आल्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी मान डोलावली.

“पोट पुढं आलंय बघा टोकदार. पोरगाच हाय. लिहून ठेवा.”

“तुमच्या तोंडात साखर बिखर काय न्हाय पडायची,” सासूबाई म्हणाल्या. “पोरगी हाय ती. माज्या पोरीला असलं काय बोलू नगा.”

काकू वाटी तशीच ठेवून गेल्या. दोन दिवस त्यांचे दार आमच्यासाठी बंद होते.

पाचव्या महिन्यात मी सोनोग्राफीच्या टेबलावर होते. डॉक्टरबाई पडद्याकडे बघत एकेक अवयव उच्चारत होत्या. हृदय. मणका. मूत्रपिंडं. त्यांचा आवाज बातम्या वाचणाऱ्या माणसासारखा सपाट होता. एका ठिकाणी त्या इतर ठिकाणांपेक्षा भरभर पुढे गेल्या असे मला वाटले. कदाचित त्या सगळीकडे तितक्याच वेगाने गेल्या असतील. बाहेर नवऱ्याने विचारले, “काय दिसलं चेहऱ्यावर?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे चांगलं की…”

“काही नाही म्हणजे काही नाही.”

त्याचे केस तोपर्यंत जायला लागले होते. बाथरूमच्या जाळीवर, कॉलरवर, पुस्तकांच्या पानांत. त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. एकदा तो आरशासमोर दुसरा आरसा धरून मागची टाळू बघताना मला दिसला. मी आत आले तसा त्याने हात खाली केला. मला त्याची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी. आपल्या पोटातल्या बाळाची काळजी असताना कोणी टाळूची करावी, हे मला पटत नव्हते. पण पाठ करून उभे राहण्याचे काम माझे नव्हते.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले. माझ्या माहेरची माणसे, इमारतीतल्या बायका आणि रुसवा सोडून आलेल्या काकू. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पाच प्रकारचे भात. शेवटी दोन झाकलेल्या वाट्या माझ्यापुढे ठेवल्या. एकीत पेढा असतो, एकीत बर्फी. जिच्यावर हात पडेल तिच्यात पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सगळ्यांना गंमत माहीत असते, तरी वाटी उचलेपर्यंत आवाज थांबतात.

मी उजवीकडची उचलली. बर्फी.

“बरं झालं, लक्ष्मी,” कोणीतरी म्हणाले, थोड्या पडलेल्या आवाजात.

“असं कसं! मी पोटावरनं सांगितलंय,” म्हणत काकूंनी डाव्या वाटीवरचे झाकण काढले. तिथेही बर्फी होती.

सगळ्यांना हसू फुटले. “अगं बाई, पेढा कुठं गेला?” “उंदरानं नेला!” “का सासूबाईंनीच खाल्ला?”

“संपले हुते पेढे,” सासूबाई म्हणाल्या. “मिळालेच न्हाईत.”

“सोलापुरात पेढे मिळाले न्हाईत?” काकूंनी विचारले.

“न्हाईत म्हनलं न्हवं.” त्यांचा आवाज इतका कोरडा होता की हसणे थांबले. वाट्या उचलून त्या आत गेल्या. माझी आई माझ्याकडे बघत होती. मी तिला काही सांगितले नव्हते, तेव्हाही सांगितले नाही.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई उरलेली बर्फी डब्यात भरत होत्या.

“वाट्यांनी काय होणार आहे, आई?”

“काय बी न्हाय व्हायचं, ठाव हाय मला.” त्यांनी डब्याचे झाकण दाबले. “तुजा हात पेढ्यावर पडला असता तर मला बगवलं नसतं. एवडंच.”

कळा पहाटे सुरू झाल्या. बाळ सकाळी जन्मले. दाराबाहेर काय झाले ते मी पाहिलेले नाही. नवरा आणि सासूबाई या दोघांकडून ऐकले आहे, आणि दोघांचे बहुतेक जुळते. नर्स बाहेर आली ती हसतच. “मुलगा झाला! पेढे काढा आजी!” सासूबाई बाकावरून उठल्या आणि परत बसल्या. नर्सला वाटले आनंदाने. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला.

“नीट हाय का?” सासूबाईंनी विचारले.

“छान आहे. वजन चांगलं आहे.”

“तसं न्हवं. उघडून दावा.”

“अहो आजी, मुलगाच आहे. मी काय खोटं सांगते?”

बाळांच्या डॉक्टरांना आम्ही आधीच सगळे सांगून ठेवले होते. त्यांनी दिव्याखाली तपासले. “जागच्या जागी दिसतंय सगळं. पण पहिली शू होऊ दे. धार कशी पडते ते बघायचं. झाली की मला सांगा.” आणि ते पुढच्या खोलीत गेले.

मला खाटेवर आणले तेव्हा बाळ पाळण्यात होते आणि सासूबाई त्याच्यावर वाकून बसल्या होत्या. दुपटे कमरेपर्यंत उघडे. नर्स दोनदा येऊन गुंडाळून गेली, सासूबाईंनी दोनदा सोडले.

“गारठेल ना बाळ, आजी!”

“हात ठिवलाय की मी पोटावर. गुंडाळू नगा.”

दारातून जाताना नर्स दुसरीला म्हणाली, “हौस बघ म्हातारीची. मुलगा झालाय तर डोळा हलवेना तिथून.” आम्ही तिघांनीही ते ऐकले.

सकाळ गेली. बाळ झोपले, जागे झाले, मी त्याला जवळ घेतले, परत पाळण्यात ठेवले. काहीच झाले नाही. नवरा भिंतीला टेकून उभा होता, बरोबर ट्यूबलाइटखाली. सासूबाईंनी मान वर केली आणि बऱ्याच महिन्यांनी त्याच्या डोक्याकडे नीट पाहिले.

“गेले की रं सगळे.”

“गेले.”

“माज्यामुळं?”

“गोळी बंद केल्यामुळं, आई. तुझ्यामुळं नाही.”

“त्या दिवशी लई बोलले मी तुला.”

“मीही बोललो.”

त्या पुढे काही म्हणणार होत्या. तेवढ्यात बाळाने पाय आखडले, तोंड लाल केले, आणि धार उडाली. ती पाळण्याच्या कडेवरून पलीकडे गेली आणि सासूबाईंच्या पदरावर, मग हनुवटीवर पडली. त्या हलल्या नाहीत. धार संपेपर्यंत तशाच वाकून बघत राहिल्या. नवरा डॉक्टरांना आणायला पळाला.

डॉक्टर आले तेव्हा बघायला फक्त ओला पदर होता.

“कशी होती धार?” त्यांनी विचारले.

“सरळ,” नवरा म्हणाला. त्याने हवेत हात तिरपा धरून दाखवला. “एकच धार. साधारण पंचेचाळीस अंशात. पल्ला पाळण्याच्या बाहेर.”

डॉक्टर हसले. “मग काही काळजी नाही. गुंडाळा आता त्याला.”

सासूबाईंनी दुपटे गुंडाळले. पहिल्यांदा नीट जमले नाही. दुसऱ्यांदा जमले. हनुवटी त्यांनी पुसली नव्हती.

“पेढे घेऊन येतो,” नवरा म्हणाला.

“बर्फी आन.”

“मुलगा झालाय, आई.”

“ठाव हाय. देवीला बर्फी कबूल केलीया. आन. अन् काकूंच्या घरी जास्ती दे.”

बाळ आता रांगते. मधल्या काळात नवरा त्वचेच्या डॉक्टरांकडे पुन्हा गेला होता. ते म्हणाले, अख्खी गोळी घेतली तर घरात कोणाला धोका नाही. पुढचे मूल हवे असेल तेव्हा परत थांबवा. बाकी तोटे तेच, पहिल्या वेळचे. त्याने एक मिलिग्रॅमच्या गोळ्यांची डबी आणली, आतल्या कागदासकट. ती कपाटाच्या वरच्या फळीवर आहे, बाळाचा हात पोचणार नाही अशा जागी. त्याने ती उघडलेली नाही आणि परतही केलेली नाही.

परवा सासूबाईंनी ती खाली काढून हातात फिरवली.

“ह्याचे तुकडे कराय लागत न्हाईत न्हवं?”

“नाही. अख्खी घ्यायची.”

“मग घे की. केस बरे दिसत हुते तुला.”

त्याने माझ्याकडे पाहिले. मी बाळाला भरवत होते. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. दोन्ही बाजू त्याला माझ्याइतक्याच पाठ आहेत. त्याने डबी आईच्या हातातून घेतली, मागची तारीख वाचली आणि फळीवर परत ठेवली.

“बघू,” तो म्हणाला, आणि क्लासला गेला.